पंखांवरून किडीची ओळख

शेतात किडा दिसला की बहुतेकांचा हात प्रथम औषधाच्या डब्याकडे जातो. किडा कोणता, तो पिकाचा शत्रू की मित्र, ही चौकशी मागाहून होते, किंवा होतच नाही. फेरफार नोंदविताना खातेदाराची ओळख चुकली तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे चढते. किडीची ओळख चुकली तर शिक्षा निरपराध्यास होते आणि खरा गुन्हेगार शेतातच राहतो. म्हणून पूर्ण वाढलेले, म्हणजे पंख फुटलेले कीटक कसे ओळखावे, याविषयी नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे देत आहोत.

प्रथम पाय मोजावे. कीटकास पाय सहाच असतात. जाळे विणणाऱ्या कोळ्यास आठ पाय असतात. तो कीटक नव्हे, आणि किडी खाणारा असल्याने मारण्यास योग्यही नव्हे. नंतर पंख पाहावे. माशीस पंखांची एकच जोडी असते, मधमाशीस दोन. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कवचासारखे कठीण असून पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात. कापसावरील लाल ढेकणासारख्या किड्यांचे पुढचे पंख बुडाशी जाड व टोकाशी पातळ असतात, ते पाठीवर एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि तोंडास रस शोषण्याची सोंड असते. पतंगाच्या पंखांवर भुकटीसारखे बारीक खवले असतात. ते बोटास लागून झडतात व अंगावरील खूण पुसली जाते. म्हणून पतंग कधीही चिमटीत धरू नये.

कापसाच्या बाबतीत ही ओळख फारच महत्त्वाची आहे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघताच कळीत किंवा बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र लवकरच बुजते. वरून बोंड निरोगी दिसते, आत मात्र सरकी पोखरली जात असते. म्हणून तिचा पतंग हाच आगाऊ वर्दी देणारा होय. हा पतंग जेमतेम ८-९ मिलिमीटर लांब, रंगाने राखी-तपकिरी असतो. त्याच्या पुढच्या पंखांवर काळसर डाग व पट्टे असतात, तर मागचे पंख रुपेरी करडे असून त्यांच्या कडेस केसांची झालर असते. ठिपक्यांच्या बोंडअळीचा पतंग याहून निराळा. त्याचे पुढचे पंख पांढुरके असून मधोमध हिरवा पट्टा असतो. तिच्याच दुसऱ्या एका जातीत ते सबंध हिरवे असतात.

गुलाबी बोंडअळी आपल्याकडे नवी नव्हे. सन १८४२ मध्ये भडोचकडील कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरूनच या कीटकाचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले. सन २०१७ च्या हंगामात तिने बीटी कापसासही जुमानले नाही व महाराष्ट्रात मोठे नुकसान केले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून रोज सकाळी त्यांतील पतंग मोजावे. लागोपाठ ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर उपायाची वेळ आली असे समजावे. मात्र मोजण्यापूर्वी ते त्याच जातीचे आहेत की नाहीत, हे पाहणे अवश्य आहे.

तूर व हरभरा यांवरील घाटेअळीचा पतंग बराच मोठा व अंगाने जाड असतो. त्याच्या पिवळसर-तपकिरी पुढच्या पंखांवर एक काळसर ठिपका आणि फिकट मागच्या पंखांच्या कडेस रुंद काळपट पट्टा असतो. सोयाबीनची पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाचे पुढचे पंख तपकिरी असून त्यांवर पांढऱ्या रेघांची जाळी असते, मागचे पंख मात्र पांढरे असतात. चक्रीभुंग्याच्या मिशा जवळजवळ त्याच्या अंगाएवढ्या लांब असतात. डोके व छाती नारिंगी, आणि पंखांचा मागील भाग काळा. मादी देठावर किंवा फांदीवर दोन चकत्या पाडून त्यांच्यामध्ये अंडे घालते. खोडमाशी अवघी दोन मिलिमीटरची, चकचकीत काळी असते.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वांग्यांची पाने ठिपक्यांच्या भुंगेऱ्यांनी खरवडून जाळीसारखी केली होती. पुढे शेजारच्या करडईवर तसेच ठिपक्यांचे भुंगेरे दिसले, तेव्हा आम्ही विचार न करता औषध मारविले. ते ढालकिडे होते, आणि करडईवरील मावा खाण्यासाठी आले होते. ते मेले, पण मावा पुरता मेला नाही, आणि आठवड्याभरात शेंडे मावाने काळे पडले. औषध व मजुरी वाया गेलीच, पीकही उतरले. नंतर भिंगातून पाहिले तेव्हा भेद लक्षात आला. वांग्यावरील भुंगेऱ्याच्या अंगावर बारीक लव असल्याने तो मंद तांबूस दिसतो, तर ढालकिडा गुळगुळीत व चकचकीत असतो. एवढे पाहण्यास दोन मिनिटेही लागली नसती.

औषध ही काही साधी वस्तू नव्हे. सन २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी व मजूर दगावले. नको असलेली एक फवारणी वाचली तर पैसा वाचतो, मित्रकीटक वाचतात, आणि पाठीवर पंप घेणाऱ्याचा जीवही तितका सुरक्षित राहतो.

म्हणून प्रत्येकाने घरी एक भिंग व रुंद तोंडाची काचेची बाटली ठेवावी. अनोळखी किडा बाटलीत धरून पाय, पंख, मिशा व तोंड या क्रमाने पाहावा. तो कोणत्या पिकावर व कोणत्या तारखेस सापडला, याची चिठ्ठी बाटलीस लावावी. उलगडा न झाल्यास नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवावा. नाव कळल्यावाचून डब्याचे झाकण उघडू नये, एवढीच आमची विनंती आहे.