नर्सबाईंचे पुढचे शिक्षण

दिवस भरत आलेल्या सुनेचे पाय सुजले, डोके दुखू लागले आणि झटके आले, तर धाडहून तिला बुलढाण्याला न्यावे लागते. पण जीप हलण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत खोल द्यायचा असतो. तो कोण देणार? मंडळी, आपल्या नर्सबाईच!

१९७७ नंतर बरीच वर्षे ए.एन.एम. बाई दहावीनंतर अवघे १८ महिने शिकून येत. त्या शिक्षणात हे इंजेक्शन नव्हते. २००५ च्या सुमारास त्यांना ते देण्याची मुभा मिळाली आणि २१ दिवसांचे वेगळे प्रशिक्षण निघाले. आता बारावीनंतर दोन वर्षे शिकावे लागते.

अशा छोट्या प्रशिक्षणाला बाई हौसेने जातात. आज शिकलेले उद्या हाताशी येते. लांबच्या अभ्यासाला मात्र मन कचरते. जी.एन.एम. तीन वर्षांचे, त्यानंतर बी.एस्सी. नर्सिंग आणखी दोन वर्षांचे. रजा मिळेल का? पदवी घेऊन पगार वाढेल का? हा प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर सरकारने द्यावे.

पोरे कोण सांभाळील, हा प्रश्न मात्र आपल्या घरातला. ‘नोकरी लागली ना, आता पुस्तके कशाला?’ असे सासूच म्हणते असे नाही, शिकलेला नवराही म्हणतो. तुमच्या घरी नर्स सून असेल, तर तिने अर्ज आणायच्या आधीच सांगून टाका, सकाळच्या भाकरी कोण थापणार ते.