तुटण्याआधीची सूचना

पातूरच्या शिवारात विहीर खोदताना क्रेनच्या वायररोपला माणसांचा जीव टांगलेला असतो. जर्मनीत विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये क्लाउस्थालच्या खाणीत तारेचा दोर आणला, कारण साखळीची एक कडी तुटली की सारेच कोसळे. दोराची एकेक तार तुटते. तेवढी सवड मिळते.

ती ओळखावी कशी? मी थांबलेल्या दोरावरून कापसाचा बोळा फिरवतो. तंतू अडकले, तिथे तार तुटलेली. उघडा हात फिरवू नये. एखाद्या जागी जाडी कमी भरली, तर आतली दोरी कुजली किंवा गंज शिरला समजावे. कप्पीची खाच अरुंद असेल, तर नवा दोरही लवकर झिजतो. वंगण आतपर्यंत मुरावे. शंका आली, की दोर बदलावा. खाली माणूस आहे.