प्रज्वलन कालनिश्चिती, जुन्या मोटारसायकलींतील
पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दट्ट्या कोणत्या स्थितीत असता ठिणगी पडावी हे ठरविण्याची व ती स्थिती तपासून दुरुस्त करण्याची क्रिया. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीसरशी एकदम जळत नाही. ज्वाला पसरण्यास थोडा अवधी लागतो. त्यामुळे संपीडन धावेत दट्ट्या सर्वोच्च स्थितीला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटास ३,००० फेऱ्यांच्या वेगाने भुजादंडास ३५ अंश फिरण्यास फक्त सु. ०.००२ सेकंद लागतो. एंजिन सावकाश फिरत असता ठिणगी इतकी आधी पडून चालत नाही. म्हणून कित्येक जुन्या मोटारसायकलींत ती पुढेमागे करण्यासाठी हातदांड्यावर तरफ असे. पुढे हे काम केंद्रोत्सारी वजने आपोआप करू लागली.

ठिणगी फार लवकर पडल्यास एंजिनात खटखट होते, दट्ट्याचा माथा तापून त्यास छिद्रही पडते. किक मारताना एंजिन उलट फिरून तरफ पायावर आदळते. यात घोटा दुखावण्याचा धोका असतो. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते, एंजिन व निष्कास नळी नको तितकी तापतात. हा दुसरा दोष आवाज करीत नसल्याने पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडिया कंपनीची ३५० बुलेट हे या कामाचे चांगले उदाहरण होय. ७० मिमी. व्यासाच्या व ९० मिमी. धावेच्या या चार धावी एंजिनात स्पर्शखंडक (कारागिरांच्या भाषेत पॉइंट) बसविलेला असे. त्याचे टोक एका कॅमवर टेकते. कॅम भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि स्पर्शबिंदू उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते.

प्रथम स्पर्शबिंदू पूर्ण उघडे असताना त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिमी. करावी. हा क्रम बदलता येत नाही, कारण फट वाढली की बिंदू लवकर उघडतात व ठिणगी अलीकडे सरकते. कॅमवर घासणारे टोक झिजले की फट कमी होऊन ठिणगी हळूहळू मागे पडते. कालनिश्चिती आधी व फट नंतर केल्यास पहिले श्रम वाया जातात.

नंतर प्लग काढून, वरचा गिअर टाकून मागील चाक हाताने फिरवितात. छिद्रावर अंगठा ठेवला असता दाब जाणवला म्हणजे ती संपीडन धाव समजावी. निष्कास धावेतही दट्ट्या तेवढाच वर येतो, पण तेथे ठिणगीचा उपयोग नाही. वजने विश्रांत स्थितीत असता दट्ट्या सर्वोच्च बिंदूच्या सु. ०.८ मिमी. खाली असताना बिंदू उघडू लागावेत. दंतचक्रांच्या दात्यांत ढिलाई असते. म्हणून दट्ट्या थोडा मागे नेऊन एंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच या स्थितीला आणावा. प्लगाचे छिद्र तिरके असल्यास सळईचे माप फसवे निघते. अशा वेळी भुजादंडावर अंशांकित तबकडी बसविणे श्रेयस्कर.

बिंदू उघडल्याचा क्षण बुलेटवर अँपिअरमापकच सांगतो. किल्ली फिरविली व बिंदू मिटलेले असले की काटा विसर्जनाकडे झुकतो. ते उघडताच तो मध्यावर येतो. क्षण चुकत असेल तर तबकडीचे स्क्रू सैल करून ती कॅमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावी, म्हणजे ठिणगी लवकर पडते. त्याच दिशेने सरकविल्यास उशिरा. स्क्रू आवळताना तबकडी किंचित हलतेच, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

मॅग्नेटो असलेल्या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचा प्रवाह नसल्याने बिंदूंमध्ये सिगारेटचा कागद धरून तो हलके ओढीत राहतात. तो सुटला की बिंदू उघडले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून तयार केलेल्या दोन धावी मोटारसायकलींत प्रत्येक फेरीस ठिणगी पडत असल्याने धाव ओळखण्याचा प्रश्न येत नाही.

स्थिर एंजिनावरील मापनाने वजनांचे कार्य कळत नाही. झिजलेल्या स्प्रिंगांमुळे ती लवकर पसरतात आणि दट्ट्याचे माप अचूक असूनही चालत्या एंजिनात खटखट ऐकू येते. असा संशय आल्यास ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा खुणेवर धरून निरनिराळ्या वेगांना खूण किती सरकते ते पाहतात. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलनात स्पर्शबिंदूच नसल्याने त्यांची फट व झीज यांचा प्रश्न उरलेला नाही.