निवेदनावर ‘तज्ज्ञांच्या सह्या’ म्हणजे नेमक्या कोणाच्या?



‘एवढ्या तज्ज्ञांनी सही केलीय, तुम्हीपण करा’ असं सांगत निवेदनं मोबाईलवर फिरत असतात. सोसायटीचा शिक्का मागायलाही लोक येतात. म्हणून थोडं लिहीत आहोत.

तज्ज्ञांचं ऐकूच नका, असं आम्ही म्हणत नाही. १९३० साली अमेरिकेत १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी परदेशी मालावरची जकात वाढवू नका म्हणून लिहून दिलं होतं. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी ऐकलं नाही. मग इतर देशांनीही उलट जकात लावली, आणि मंदीत व्यापार आणखीनच बुडाला. पण १९८१ मध्ये ब्रिटनच्या ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी थॅचर सरकारविरुद्ध पत्र काढलं, मंदी वाढेल म्हणाले. उत्पादन त्याच वर्षी सावरायला लागलं, बेकारी मात्र पुढे वाढतच राहिली. कोण खरं, यावर अजून वाद आहे.

आपल्या देशात मार्च २०१९ मध्ये १०८ अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञांनी सरकारी आकडेवारीत ढवळाढवळ होते, असं पत्रक काढलं. काही दिवसांतच १३१ चार्टर्ड अकाउंटंटनी त्याच्या विरोधात पत्रक काढलं. आता १३१ जास्त म्हणून ते बरोबर? सीए हिशेब तपासण्यात पक्का, पण देशाचा जीडीपी मोजणं हे वेगळं काम.

आता आपल्या पोटाचा विषय. ऑक्टोबर २०२१ मध्ये जवळजवळ ३०० शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातून जागतिक व्यापार संघटनेला सांगितलं, की मासेमारीची घातक अनुदानं बंद करा. त्यात इंधनाचा आणि बोट बांधायचा खर्च कमी करणारी अनुदानं धरली होती. म्हणजे ट्रॉलरच्या डिझेलवर मिळते ती सवलतही त्यातच बसते. (जून २०२२ मध्ये जिनिव्हाला करार झाला, पण त्यात डिझेलच्या अनुदानावर सरसकट बंदी आली नाही.) पत्रामागचे रशीद सुमैला हे मासेमारीच्या अर्थशास्त्रातलंच मोठं नाव. ‘ह्यांना काय कळतं’ म्हणून उडवून लावता येणार नाही. दर्यात मासळी किती उरली, यावर मत्स्यशास्त्रज्ञाचा शब्द आम्ही मानतो. पण सवलत गेली तर खलाशाचा वाटा किती घटेल, बोटीचं कर्ज कसं फिटेल, हे त्याच्या पदवीत येत नाही. ते तांडेलाला आणि बोटमालकाला विचारावं लागतं.

शिक्का मारण्याआधी आम्ही प्रत्येक सहीपुढचा हुद्दा वाचतो. माणूस कुठल्या विषयाचा, पगार कोण देतो, आणि त्याने पूर्ण मजकूर वाचून सही दिलीय की नुसतं नाव घातलंय, हे विचारतो.

तुमच्याकडे असा कागद आला असेल तर सही करायच्या आधी ऑफिसात घेऊन या. इंग्रजीत असला तरी चालेल, मराठीत समजावून सांगू.