पंधरा मिनिटांचा कागद

मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, पहिल्या सतरा मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या, आणि तेव्हापासून ओळखीतल्या घरांतून एकच प्रश्न येतो : "मुलगी एनडीए म्हणतेय. क्लास कुठला लावू?"

क्लासच्या आधी एक पत्ता लिहून ठेवा. दहावीनंतरची दोन वर्षं मुलांकडून ही तयारी मोफत करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. दोन्हीकडची प्रवेशप्रक्रिया दहावीच्या वर्षातच सुरू होते. निकालाची वाट बघत बसणाऱ्याची संधी हुकते, आणि हुकते ती बहुधा गावाकडच्या हुशार पोरांची, कारण त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं. याची मला मनापासून चीड आहे. प्रत्येक शाळेने नववीतच ही माहिती फळ्यावर लिहायला हवी.

पुढे एनडीएतल्या तीन वर्षांचा खर्च सरकार उचलतं. हातखर्च घरून पाठवावा लागतो. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर त्यालाही मदत मिळते. बारावी कला शाखेची मुलंही लष्करासाठी अर्ज करू शकतात, हेही अनेकांच्या गावी नसतं.

आता क्लासबद्दल. लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य क्षमता ६००. त्यानंतर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखतही ९०० गुणांचीच. घरातला सगळा पैसा आणि जीव पहिल्या निम्म्यावर लागतो. दुसरं निम्मं पाच दिवस चालतं. पंधरा सेकंदांत एका शब्दावर एक वाक्य, असे साठ शब्द. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. आणि शेवटी पंधरा मिनिटांचा एक कागद : आईवडिलांचं, शिक्षकांचं, मित्रांचं तुमच्याबद्दल काय मत आहे, आणि तुमचं स्वतःचं काय?

माझ्या मते सगळ्यात अवघड पेपर हाच. पाठ केलेली उत्तरं इथे टिकत नाहीत. कागदावर लिहिलेलं, मुलाखतीत बोललेलं आणि मैदानावर गटात वागलेलं ताडून पाहतात.

मावसबहिणीच्या मुलीला गेल्या वर्षी मी हा कागद घड्याळ लावून लिहायला बसवलं. पहिल्याच प्रश्नाला तिने पेन खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "आई, काय लिहू गं?" आतून उत्तर आलं, "हुशार, आज्ञाधारक लिही." पुढे तिला काही सुचेना. सुचणार कुठून? पोरीने अभ्यास करावा म्हणून बँक, दवाखाना, रेशन, पाहुणे, सगळं आईच निस्तरत होती.

त्या दिवसापासून बहिणीने एकेक काम तिच्याकडे सोपवलं. सुरुवातीला चुका झाल्या. एकदा बसचा थांबा चुकला आणि माय-लेकी दोघी रडल्या. तरी बहिणीने काम काढून घेतलं नाही.

दिवाळीत तिने तोच कागद पुन्हा लिहिला. आईच्या मताखाली आता एवढंच होतं : "आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी एकटी तिला घेऊन गेले. घरी आल्यावर डोळ्यांत थेंब घालायच्या वेळांची चिठ्ठी आईने माझ्याकडेच ठेवली."