भिजणारा पाणपक्षी

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून जाताना पवई तलावाकडे नीट पाहा. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांदीवर एखादा काळा पक्षी दोन्ही पंख पसरून उभा दिसेल. तो पाणकावळा. नात्याने मात्र तो कावळ्याचा कोणी लागत नाही. त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे तिरंदाज.

पाण्यावर जगणारा पक्षी भिजतो, हेच मुळात नवल! बदकाच्या पिसांत हवा अडकून राहते, म्हणून ते तरंगते. पाणकावळ्याच्या पिसाची कड सैल विणीची, तिच्यात पाणी शिरते. मधला भाग घट्ट, तो कोरडा राहतो. कड भिजल्याने बरीचशी हवा निघून जाते, अंग जड होते आणि बुडी सोपी होते. त्वचेलगत हवेचा पातळ थर उरतो, तो ऊब धरतो. पोहताना पाणकावळ्याची पाठ जवळपास पाण्याखाली असते ती अंग जड झाल्यामुळेच. मग बाहेर येऊन पंख वाळवणे आलेच.

त्याहून अद्भुत आहे त्याचा डोळा. आपण पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर दिसते, कारण तिथे पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, प्रकाश वाकवण्याची ताकद जवळजवळ संपते. पाणकावळा डोळ्यातले मऊ भिंग स्नायूंनी दाबून बाहुलीतून पुढे फुगवतो आणि ती तूट भरून काढतो. एकच डोळा, हवेतही चालतो आणि पाण्यातही. पायाची चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली असतात. पाठलाग पायांच्या जोरावर चालतो. मासा पकडला की वर आणून डोक्याकडून गिळायचा.

आता ओळख. सर्वांत जास्त दिसतो तो छोटा पाणकावळा: जेमतेम 50 सेंटिमीटर, आखूड चोच, बुटकी मान. भारतीय पाणकावळा त्याहून मोठा, सडपातळ. चोच लांब व बारीक, डोळे निळे-हिरवे. मोठा पाणकावळा 80 सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब, गळ्याशी पिवळी कातडी आणि विणीच्या काळात मांडीवर पांढरा डाग. तिघांच्याही चोचीचे टोक आकडीसारखे वळलेले असते. चोच सरळ, टोकदार असेल तर तो तिरंदाज. काळ्या अंगावर पांढरे कपाळ असेल तर तो वारकरी.

छोट्या पाणकावळ्याची वीण आपल्याकडे पावसाळ्यात होते, पुष्कळदा बगळ्यांच्या शेजाराने, एकाच झाडावर. नर-मादी मिळून काड्यांचे घरटे बांधतात. अंडी फिकट निळसर, वर खडूसारखा थर. ती एकदम घातली जात नाहीत, त्यामुळे पिल्लेही पुढेमागे बाहेर येतात: उघडी, आंधळी, टक्कल लालसर. आईबापांच्या घशात चोच खुपसून ती अन्न घेतात आणि साधारण महिन्याभरात घरटे सोडतात.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात आपल्या सोसायटीतल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडावर बगळे-पाणकावळ्यांची घरटी दिसली, तर खाली पडणाऱ्या विष्ठेवर चिडून फांद्या छाटू नका. पिल्ले उडेपर्यंत थांबा.