मैलांचा हिशेब आणि ‘कशासाठी’चा रकाना

गाडी कुठून कुठे गेली हे आता फोन आपोआप टिपतो. पण करात वजावट मिळवायची तर त्यापुढची एक ओळ अजूनही चालवणाऱ्यालाच लिहावी लागते.

अमेरिकेत स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस आयकराच्या रिटर्नसोबत ‘शेड्यूल सी’ नावाचा तक्ता भरतो. त्यात गाडीचा खर्च वजा मागितला की चौथ्या भागात प्रश्न सुरू होतात. गाडी व्यवसायात कधीपासून वापरता? वर्षभरात व्यवसायासाठी किती मैल झाले, घरून कामाच्या जागी जाण्यायेण्यात किती, इतर किती? सगळ्यात शेवटी दोन प्रश्न येतात : या वजावटीला पुरावा आहे का? आणि असल्यास तो लेखी आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. पण रिटर्नवरची सही खोटेपणाच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली असते, त्यामुळे तो ‘हो’ खरा असावा लागतो.

या ‘हो’साठी जी नोंद लागते तिला तिथे मायलेज लॉग म्हणतात. पूर्वी ती गाडीच्या कप्प्यातल्या छोट्या वहीत असायची, आता फोनमधलं अ‍ॅप ती ठेवतं. अ‍ॅपने कष्ट खूप वाचवले. पण कष्ट वाचले म्हणजे जबाबदारीही गेली, असा एक गैरसमज त्यासोबत आला आहे. तो महागात पडतो, म्हणून ही सगळी व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी.

एका मैलाची किंमत

अमेरिकेचं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, दर वर्षी व्यावसायिक प्रवासासाठी मैलामागे एक दर जाहीर करतं. २०२३ साली तो साडेपासष्ट सेंट होता, २०२४ मध्ये ६७ आणि २०२५ मध्ये ७० सेंट. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, घसारा हे सगळं या दरात धरलेलं असतं. टोल आणि पार्किंग वेगळं दाखवता येतं.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारी एक मराठी रिअल इस्टेट एजंट डोळ्यांसमोर आणा. घरं दाखवायला ती गावोगाव फिरते. २०२५ मध्ये तिचे व्यवसायाचे १२,००० मैल झाले, तर वजावट होते ८,४०० डॉलर. तेवढी रक्कम तिच्या नफ्यातून कमी होते, त्यामुळे आयकर घटतोच, शिवाय स्वयंरोजगार करणाऱ्यांना भरावा लागणारा सुमारे १५.३ टक्क्यांचा सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा करही घटतो. आता उलट बाजू पाहा. रोजचे दहा मैल नोंदवायचे राहिले आणि वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरले, तर २,५०० मैल हातचे जातात. म्हणजे १,७५० डॉलरची वजावट बुडाली.

ठरावीक दराऐवजी प्रत्यक्ष खर्चाचा मार्गही खुला असतो. त्यात वर्षभराच्या पावत्या जमवायच्या आणि एकूण खर्चापैकी व्यवसायाचा हिस्सा मागायचा. मात्र तो हिस्सा ठरतो व्यवसायाचे मैल भागिले एकूण मैल असाच. त्यामुळे कोणताही मार्ग धरला तरी मैलांची नोंद सुटत नाही.

पगारदारांची गोष्ट निराळी आहे. मालकाने भरून न दिलेला प्रवासखर्च स्वतःच्या रिटर्नमध्ये वजा मागण्याची सोय २०१८ पासून बहुतेकांसाठी बंद झाली. त्यांना आधार उरला तो मालकाकडून मिळणाऱ्या परताव्याचा. सरकारी दरापर्यंतचा परतावा करमुक्त राहतो, पण त्यासाठीही प्रवासाचा तपशील वेळेत, साधारणपणे साठ दिवसांच्या आत, सादर करायचा असतो.

अंदाज चालत होता तो काळ

इतकी काटेकोर नोंद का मागितली जाते, याचा इतिहास ब्रॉडवेच्या रंगभूमीपर्यंत जातो. जॉर्ज एम. कोहन हा तिथला नावाजलेला नट, गीतकार आणि निर्माता. प्रवास आणि पाहुणचारावर त्याने सढळ हाताने खर्च केला आणि तो करातून वजा मागितला, पण हिशेब काहीच ठेवला नव्हता. करविषयक मंडळाने सगळा दावा फेटाळला. १९३० साली अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निराळी भूमिका घेतली. खर्च झाला हे उघड असताना शून्य धरणं बरोबर नाही, मंडळाने जमेल तेवढा अंदाज करावा, आणि हिशेब न ठेवण्याचा दोष करदात्याचाच असल्याने अंदाज करताना हात आखडता ठेवायला हरकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढची तीन दशकं हा ‘कोहन नियम’ अनेकांच्या उपयोगी पडला.

त्याचा गैरफायदाही घेतला गेला. खर्चाच्या खात्यावर चाललेल्या चैनीला आवर घालावा, असा आग्रह अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये धरला आणि १९६२ च्या महसूल कायद्याने प्रवासखर्चापुरता अंदाजाचा दरवाजा बंद केला. आज कलम २७४(ड) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीनुसार किती, केव्हा, कुठे आणि कोणत्या कामासाठी या चारही गोष्टी दाखवाव्या लागतात. एक जरी निसटली तरी न्यायाधीशाला दया येऊन उपयोग नाही, त्याला अंदाज करण्याचा अधिकारच उरत नाही.

१९८४ मध्ये अमेरिकी संसद आणखी एक पाऊल पुढे गेली. नोंद त्या त्या वेळीच केलेली असली पाहिजे, अशी अट कायद्यात आली. गावोगाव फिरणारे विक्रेते, शेतकरी, छोटे ठेकेदार यांनी मोठा गदारोळ केला. दर फेरीनंतर वही उघडणं त्यांना अशक्य वाटलं. मे १९८५ मध्ये ती अट मागे घेण्यात आली. मात्र पुराव्याचं वजन बदललं नाही. प्रवासाच्या वेळी किंवा लगेच नंतर केलेली नोंद सगळ्यात विश्वासार्ह, हे तत्त्व आजही नियमांत आहे. आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्याचा हिशेब लिहिला तरी आयआरएस तो वेळेवरचा मानतं. तपासणीची नोटीस आल्यावर कॅलेंडर समोर ठेवून एका बैठकीत तयार केलेल्या वह्या मात्र करन्यायालयात वारंवार नाकारल्या गेल्या आहेत.

फोनला कसं कळतं?

१९८५ मध्ये जे अशक्य वाटलं, ते आज खिशातलं यंत्र सहज करतं. माइलआयक्यू, एव्हरलान्स, ट्रिपलॉग अशी अ‍ॅप्स साधारण एकाच पद्धतीने चालतात. जीपीएस सतत चालू ठेवलं तर बॅटरी तासाभरातच उतरणीला लागेल, म्हणून आधी फोनमधला हालचाल ओळखणारा, अगदी कमी वीज खाणारा भाग पहारा देतो. चालणं आणि गाडीतला वेग यांतला फरक त्याला कळतो. गाडी निघाल्याची खूण पटली की तो जीपीएसला जागं करतो. मग थोड्या थोड्या अंतरावरचे बिंदू टिपले जातात, ते नकाशावरच्या रस्त्याशी जुळवले जातात आणि त्यांच्यामधली अंतरं जोडून मैल निघतात. गाडी काही मिनिटं थांबली की फेरी संपली असं धरून पत्ता आणि वेळ लिहिली जाते.

या पद्धतीत चुकांच्या जागाही ठरलेल्या आहेत. जीपीएस जागं होईपर्यंत सुरुवातीचा तुकडा निसटतो. बोगद्यात किंवा उंच इमारतींच्या गर्दीत बिंदू भरकटतात. फोनचा बॅटरी बचत मोड अ‍ॅपला झोपवतो आणि अख्खी फेरी गायब होते. तुम्ही बसने गेलात किंवा मित्राच्या गाडीत शेजारी बसलात, तरी फोनच्या लेखी ती तुमचीच फेरी असते.

म्हणून काही जण गाडीलाच यंत्र जोडतात. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला दोष तपासणीचं एक ठरावीक सॉकेट असतं. तिथे बसणारा छोटा ट्रॅकर इंजिन चालू-बंद झाल्याची वेळ अचूक सांगतो आणि शेजारच्या सीटवरच्या प्रवासाला फसत नाही. पण कोणतंही साधन घेतलं तरी अंतिम साक्षीदार गाडीचं अंतर मोजणारं मीटर, म्हणजे ओडोमीटर. १ जानेवारी आणि ३१ डिसेंबरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला, तर अ‍ॅपने दाखवलेली बेरीज खरी की फुगलेली, हे लगेच ताडता येतं.

यंत्राला न दिसणारी गोष्ट

आपली एजंट एके दिवशी एडिसनहून ब्रिजवॉटरला घर दाखवायला निघाली. तिथलं काम आटोपून ती बालाजीच्या देवळात गेली, परतताना ओक ट्री रोडवर वाणसामान घेतलं आणि शेवटी एका ग्राहकाच्या घरी कागदांवर सही घेऊन आली. अ‍ॅपमध्ये चार थांबे, चार पत्ते, चार वेळा आणि मैल अचूक उतरले. कायद्याच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. चौथं, कोणत्या कामासाठी, हे उपग्रहाला दिसत नाही. देऊळ आणि दाखवायचं घर त्याला सारखेच.

ही उणीव भरून काढायला अनेक अ‍ॅप्स कामाच्या वेळा विचारतात. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच असं सांगितलं की त्या वेळेतली प्रत्येक फेरी आपोआप ‘व्यवसाय’ या खात्यात पडते. सर्वांत मोठा धोका इथेच आहे. अमेरिकी कायद्यात घर ते नेहमीची कामाची जागा हा प्रवास खासगी मानला जातो. घर कुठे घ्यायचं ही माणसाची स्वतःची निवड, धंद्याची गरज नव्हे, ही त्यामागची भूमिका. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सन शहरात राहून मोबिल शहरातल्या कंपनीचं काम पाहणाऱ्या फ्लॉवर्स नावाच्या वकिलाचा प्रवासखर्च याच कारणाने नाकारला. घरातली खोली हेच व्यवसायाचं मुख्य ठिकाण असेल, तर मात्र तिथून ग्राहकाकडे जाणं व्यवसायाचं ठरतं. म्हणजे तेच घर, तोच रस्ता, तेवढेच मैल, आणि तरी दोन माणसांसाठी दोन उत्तरं. हा निवाडा वेळापत्रक करू शकत नाही.

म्हणून दर फेरीपुढे ‘अमुक रस्त्यावरचं घर दाखवलं’, ‘सह्या घेतल्या’ इतकं तरी लिहायला हवं. नुसतं ‘व्यवसाय’ किंवा ‘मीटिंग’ लिहून तपासणाऱ्याचं समाधान होत नाही.

जर्मनीची शिस्त

वेळेवर नोंद आणि छेडछाडीपासून संरक्षण, या दोन गोष्टी जर्मनीने आणखी कडक केल्या आहेत. कंपनीची गाडी खासगी वापरालाही मिळत असेल, तर तिथे गाडीच्या यादीतल्या किमतीचा एक टक्का दर महिन्याला उत्पन्नात धरतात. हे टाळायचं तर ‘फारटेनबुख’ म्हणजे प्रवासवही ठेवायची. ती बांधीव आणि सलग हवी. एक्सेलच्या फाइलमध्ये मागाहून कुणालाही न कळता आकडे बदलता येतात, म्हणून तिथल्या सर्वोच्च करन्यायालयाने २००५ मध्ये तशी नोंद अमान्य केली. इलेक्ट्रॉनिक वही चालते, पण केलेला प्रत्येक बदल तिच्यात दिसला पाहिजे आणि प्रवासाचं कारण सात दिवसांच्या आत भरलं पाहिजे. अ‍ॅप निवडताना हा निकष कुठल्याही देशात उपयोगी पडेल : नोंद कधी झाली आणि कधी बदलली, हे दाखवणारं साधन जास्त विश्वासाचं.

आपल्याकडे काय?

भारतात स्वयंरोजगारासाठी किलोमीटरमागे ठरावीक सरकारी दर नाही. डॉक्टर, वकील, ठेकेदार प्रत्यक्ष खर्च आणि घसारा दाखवतात. मात्र १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ३८(२) स्पष्ट सांगत होतं, की मालमत्ता पूर्णपणे व्यवसायासाठी वापरलेली नसेल तर वजावट योग्य प्रमाणातच मिळेल. नोंद नसली की अधिकारी अंदाजाने काही हिस्सा खासगी धरून नामंजूर करतो आणि वाद अपिलात जातो. कंपनीने दिलेली गाडी फक्त कामासाठी वापरली, असं म्हणायचं असेल तर १९६२ च्या नियमावलीतल्या नियम ३ ने कंपनीकडून प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च यांची नोंद मागितली, सोबत तसं प्रमाणपत्रही. म्हणजे अमेरिकेतल्या प्रश्नांशी मिळतेजुळते प्रश्न आपल्याकडेही होतेच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा कलमांचे नवे क्रमांक आणि रकमा आपल्या सीएकडून पक्क्या करून घ्याव्यात.

आपल्याकडे एक आपोआप तयार होणारा पुरावा मात्र बहुतेकांच्या हाताशी आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग बंधनकारक झाला. पुण्याहून मुंबईला कामासाठी गेलात, तर फास्टॅगच्या विवरणात नाका, तारीख आणि वेळ मिळते. लॉगबुकमधल्या नोंदीला यापेक्षा तटस्थ जोड सापडणं कठीण. दर महिन्याला ते विवरण उतरवून ठेवायला काहीच खर्च येत नाही.

ठेवायचं काय, सोडायचं काय

प्रवासाची नोंद म्हणजे माणसाच्या आयुष्याचा नकाशा असतो. दवाखाना, प्रार्थनास्थळ, मित्राचं घर, सगळं त्यात येतं. कर खात्याला यातलं बहुतेक काही नको असतं. खासगी प्रवासाचे पत्ते कुणी विचारत नाही, फक्त बेरीज विचारतात. आणि ती बेरीज ओडोमीटरच्या एकूण आकड्यातून व्यवसायाचे आणि घरून कामाला जाण्यायेण्याचे मैल वजा केले की आपोआप मिळते. त्यामुळे खासगी फेऱ्यांचा तपशील साठवून ठेवण्याची गरज नाही. अ‍ॅप मालकाने दिलेलं असेल, तर खासगी फेऱ्या त्याला दिसतात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

व्यवसायाची नोंद मात्र जपायची. अमेरिकेत रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षं ती लागू शकते. अ‍ॅपची वर्गणी थांबली किंवा कंपनीच बंद झाली तर नोंदही जाऊ शकते, म्हणून दर महिन्याची प्रत आपल्याकडे उतरवून घ्यावी. आठवड्यातला एक वार ठरवावा, त्या दिवशी फेऱ्या तपासाव्यात, चुकीच्या काढाव्यात, प्रत्येकीपुढे काम लिहावं. दहा-पंधरा मिनिटांत हे होतं.

कर वाचवणं हा प्रामाणिक माणसाचा हक्क आहे, पण तो सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्याच्यावरच टाकला आहे. यंत्राने त्या भाराचा मोठा वाटा उचलला. उरलेला वाटा, कामाचं कारण खरं आणि वेळेवर लिहिण्याचा, आपण उचलला तरच तक्त्यातल्या त्या शेवटच्या प्रश्नाला निर्धास्तपणे ‘हो’ म्हणता येतं.